चाचेगिरीविरोध व नक्षलविरोधी अभियान यांतील ऐतिहासिक साम्ये

समुद्रावरील चाच्यांचा बंदोबस्त करताना निरनिराळ्या राज्यसंस्थांनी जे उपाय योजले, त्यांतील बरेचसे उपाय आधुनिक दहशतवादविरोधी व बंडखोरीविरोधी मोहिमांतही आढळतात. आश्रयस्थाने ताब्यात घेणे, रसद व पैसा तोडणे, स्थानिक माणसांचे दल उभारणे, शरण येणाऱ्यांस अभय देणे आणि नेहमीच्या कायद्याहून कडक असा विशेष कायदा करणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर ही तुलना आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांत विशेष चर्चिली गेली. महाराष्ट्रात या तुलनेस सर्वाधिक उपयुक्त ठरणारा प्रदेश म्हणजे पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली हे वनव्याप्त जिल्हे होत. या प्रदेशात १८१८ मधील चांदा किल्ल्याचा पाडाव, १८५८ मधील बाबुराव शेडमाके यांचा उठाव आणि १९८० नंतरची नक्षलवादी चळवळ असे राज्यसत्ता व सशस्त्र विरोधक यांच्यातील संघर्षाचे तीन टप्पे आढळतात.

प्रस्तुत लेखात या साम्यांचा, तसेच दोहोंतील महत्त्वाच्या भेदांचा आढावा घेतला आहे.

संकल्पना व कायदेशीर पार्श्वभूमी

चाच्याला ‘अखिल मानवजातीचा शत्रू’ मानण्याची परंपरा प्राचीन आहे. रोमन वक्ता व विचारवंत सिसेरो याने ‘दे ओफिकीस’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, चाचा हा नियमांनी बांधलेल्या शत्रूंत मोडत नाही. तो सर्वांचा समान शत्रू असल्यामुळे त्याला दिलेला शब्द वा शपथ पाळण्याचे बंधन नाही. याच विचारातून पुढे कोणत्याही राष्ट्राने समुद्रावर चाच्याला पकडावे व आपल्या न्यायालयात शिक्षा द्यावी, हे सार्वत्रिक अधिकारक्षेत्राचे तत्त्व रूढ झाले.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारातील १०१ व्या कलमात चाचेगिरीची व्याख्या दिली आहे. खाजगी जहाजावरील व्यक्तींनी खाजगी हेतूने खुल्या समुद्रात दुसऱ्या जहाजावर केलेली हिंसा, लूट किंवा स्थानबद्धता असा तिचा आशय आहे. या व्याख्येतील ‘खाजगी हेतू’ हे शब्द निर्णायक मानले जातात. राजकीय हेतूने केलेली हिंसा सामान्यतः या व्याख्येबाहेर राहते. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘अकिले लाउरो’ या इटालियन प्रवासी जहाजाचे अपहरण झाले, तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली. अपहरणकर्ते त्याच जहाजावर प्रवासी म्हणून चढले होते व त्यांचा हेतू राजकीय होता. त्यामुळे १९८८ मध्ये रोम येथे सागरी नौकानयनाच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार करण्यात आला.

अमेरिकन लेखक डग्लस बर्जेस यांनी २००५ मध्ये दहशतवाद्यांना चाच्यांप्रमाणेच मानवजातीचे शत्रू मानून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत आणावे, असा विचार मांडला. डॅनियल हेलर-रोझेन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘सर्वांचा शत्रू’ या संकल्पनेचा इतिहास तपासून, एखाद्यास कायद्याच्या बाहेर टाकण्याच्या या प्रथेचे धोकेही दाखवून दिले.

भारतात चाचेगिरीविषयी स्वतंत्र कायदा दीर्घकाळ नव्हता. नोव्हेंबर १९९९ मध्ये भारतीय नौदल व तटरक्षक दलाने ‘अलोंड्रा रेनबो’ हे अपहृत जपानी मालकीचे जहाज अरबी समुद्रात पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना २००३ मध्ये दोषी ठरविले. परंतु पुढे मुंबई उच्च न्यायालयात ते सुटले. सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियम, २०२२ मुळे ही उणीव दूर झाली. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावरून पकडलेल्या ३५ सोमाली चाच्यांना नौदलाने मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले.

चाचेगिरीविरोधी मोहिमा

रोमन प्रजासत्ताक

इ.स.पू. ६७ मध्ये रोमने पाँपी या सेनापतीस भूमध्य समुद्रातील चाच्यांच्या निर्मूलनासाठी असाधारण अधिकार दिले. त्याने समुद्राचे विभाग पाडून प्रत्येक विभागावर स्वतंत्र अधिकारी नेमला व सुमारे तीन महिन्यांत मोहीम पूर्ण केली. या यशात शस्त्रबळाइतकाच शरणागतांना मिळालेल्या वागणुकीचा वाटा होता. प्लूटार्कच्या वर्णनानुसार पाँपीने शरण आलेल्यांना ठार न मारता समुद्रापासून दूर जमिनी देऊन वसविले. सिलिशियातील सोली हे ओस पडलेले नगर त्याने असेच पुन्हा वसविले व त्याला पाँपिओपोलिस हे नाव मिळाले. त्याच वेळी क्रीट बेटावर मेटेलस हा दुसरा रोमन सेनानी कठोर धोरण राबवीत होता. तेथील चाच्यांनी मेटेलसऐवजी दूर असलेल्या पाँपीकडे शरणागतीचा निरोप धाडला. सिसेरोने चाच्यास दिलेला शब्द बंधनकारक नाही असे लिहिण्याच्या दोन दशके आधीच, दिलेला शब्द पाळल्याने मोहीम लवकर संपते, हे या घटनेतून दिसले होते.

बहामा बेटे

ब्रिटिश राजा पहिला जॉर्ज याने सप्टेंबर १७१७ मध्ये मुदतीच्या आत शरण येणाऱ्या चाच्यांस माफी देणारा जाहीरनामा काढला. १७१८ मध्ये वूड्स रॉजर्स हा गव्हर्नर म्हणून नासाऊ येथे आला. अनेक चाच्यांनी माफी स्वीकारली. त्यांपैकी बेंजामिन हॉर्निगोल्ड पुढे चाच्यांचा पाठलाग करणाऱ्यांत सामील झाला. माफी घेऊन पुन्हा चाचेगिरीकडे वळलेल्यांना त्याच वर्षी नासाऊ येथे फाशी देण्यात आली.

कोकण किनारा

मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, घेणे भाग पाडले. ईस्ट इंडिया कंपनीला हा हक्क मान्य नव्हता. त्यामुळे इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख चाचा असा येतो. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर केलेला आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला अयशस्वी ठरला. कान्होजींचा मृत्यू १७२९ मध्ये झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखालील इंग्रज आरमाराने पेशव्यांच्या सहकार्याने तुळाजी आंग्रे यांच्याकडून विजयदुर्ग घेतला व तेथील आंग्र्यांचे आरमार जळून गेले. स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळास ‘आंग्रे’ हे नाव दिले. ‘चाचा’ हे विशेषण वस्तुस्थितीइतकेच ते लावणाऱ्याच्या हितसंबंधांवर अवलंबून असते, याचे हे उदाहरण इतिहासकार वारंवार देतात.

जमिनीवरील पूर्वपीठिका

पेंढारी व ठग

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मध्य भारतात पेंढाऱ्यांच्या घोडेस्वार टोळ्या धाडी घालीत. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखासही त्यांचा उपद्रव झाला. ठरावीक हंगामात निघणे, वेगाने लूट करून परतणे आणि एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयास राहणे, या बाबतींत त्यांचे चाच्यांशी साम्य होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने १८१७–१८ मध्ये एक लाखाहून अधिक सैन्य जमवून त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली. हीच मोहीम तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात परिणत झाली. अमीर खान यास टोंकचे नबाबपद मिळाले. करीम खान फेब्रुवारी १८१८ मध्ये शरण आला व त्याला गोरखपूर भागात जमीन देण्यात आली. चितू मात्र जंगलात पळून गेला व वाघाच्या हल्ल्यात मरण पावला. याच युद्धात मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेने चांद्याच्या किल्ल्यास वेढा घालून तो जिंकला. लुटारूंविरुद्धची म्हणून सुरू झालेली मोहीम राज्ये खालसा वा अंकित करण्यास कशी कारण ठरते, हे यावरून दिसते.

ठगांविरुद्ध कंपनी सरकारने १८३६ मध्ये विशेष कायदा केला. विल्यम स्लीमन याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर आधारित तपासपद्धती रूढ केली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये रद्द झाला.

चांदा जिल्ह्यातील १८५८ चा उठाव

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्हा थेट ब्रिटिश प्रशासनाखाली आला. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. उपायुक्त कॅप्टन क्रिक्टन याने पाठविलेल्या तुकड्यांशी त्यांच्या चकमकी झाल्या. एप्रिलच्या अखेरीस प्राणहिता नदीकाठी असलेल्या तार खात्याच्या तळावरील हल्ल्यात गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी ठार झाले.

घनदाट जंगलात बाबुरावांना पकडणे सैन्यास साधले नाही. अखेर प्रशासनाने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणून त्यांच्या माणसांकरवी बाबुरावांना पकडविले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथील कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. पुढे तेही पकडले गेले व त्यांची जमीनदारी जप्त झाली. तत्कालीन सरकारच्या लेखी बंडखोर असलेले बाबुराव आज हुतात्मा म्हणून गौरविले जातात. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

नक्षलवादी चळवळ व शासनाचे अभियान

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा नदी बऱ्याच अंतरापर्यंत या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. पूर्वेस छत्तीसगडचा बस्तर व अबुझमाड प्रदेश आणि दक्षिणेस प्राणहिता व गोदावरीपलीकडे तेलंगणा आहे. गोंड व माडिया हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत.

१९८० मध्ये आंध्र प्रदेशातील पीपल्स वॉर गटाची दलमे सिरोंचा भागात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेद्दी शंकर हा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. तेंदूपत्ता मजुरीचे अपुरे दर, बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीची मजुरी आणि वनकर्मचाऱ्यांकडून होणारी पिळवणूक या प्रश्नांवर चळवळीने आपला पाया घातला. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातही तिचा काही काळ वावर होता. २१ सप्टेंबर २००४ रोजी विविध गटांचे विलीनीकरण होऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) स्थापन झाला. जून २००९ मध्ये केंद्र सरकारने या पक्षास बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ खाली दहशतवादी संघटना म्हणून घोषित केले.

या संघर्षातील काही प्रमुख घटना पुढीलप्रमाणे आहेत :

१ फेब्रुवारी २००९ – मरकेगाव येथे १५ पोलीस ठार.
२१ मे २००९ – हत्तीगोटा येथे ५ महिला कर्मचाऱ्यांसह १६ पोलीस ठार.
८ ऑक्टोबर २००९ – लाहेरीजवळ १७ पोलीस ठार.
२७ मार्च २०१२ – पुस्टोला येथे भूसुरुंगस्फोटात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १२ जवान ठार.
२२ एप्रिल २०१८ – बोरिया-कसनासूर येथे पोलीस कारवाई. लगतच्या दुसऱ्या चकमकीसह एकूण ४० जण ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले.
१ मे २०१९ – जांभूळखेडा येथे भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस व वाहनचालक ठार.
१३ नोव्हेंबर २०२१ – मर्दिनटोला येथील चकमकीत केंद्रीय समिती सदस्य मिलिंद तेलतुंबडे यांच्यासह २६ हून अधिक नक्षलवादी ठार.
१७ जुलै २०२४ – वांडोली येथील चकमकीत १२ नक्षलवादी ठार.
१५ ऑक्टोबर २०२५ – मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली.

साम्यस्थळे

आश्रयस्थान व सीमा

चाच्यांचे बळ जहाजापेक्षा बंदरात असते. दुरुस्ती, धान्य, पाणी व लुटीची विक्री यांसाठी त्यांना किनाऱ्यावर यावेच लागते. म्हणून यशस्वी मोहिमा बहुधा बंदर ताब्यात घेऊनच संपल्या. गडचिरोलीच्या जंगलात बंदराचे हे स्थान गावास आहे. दलमांना जेवण, बातमी व नवे सदस्य गावांतूनच मिळत. तीन राज्यांच्या सीमा एकत्र येत असल्याने एका राज्यात कारवाई होताच इंद्रावती वा गोदावरी ओलांडून दुसऱ्या राज्यात जाणे शक्य होई. पाँपीपूर्वीच्या रोमन अधिकाऱ्यांना निरनिराळ्या प्रांतांच्या हद्दींची जी अडचण येत होती, तिचेच हे रूप होय. आंतरराज्य समन्वय, तसेच २०२३ व २०२४ मध्ये वांगेतुरी, गर्देवाडा व पेनगुंडा यांसारख्या दुर्गम ठिकाणी उभारलेली पोलीस मदत केंद्रे, हे या अडचणीवरील उपाय होत. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी मार्गावर एसटी बससेवा सुरू झाली.

अर्थव्यवहार

चाचेगिरीप्रमाणेच दीर्घकाळ चालणाऱ्या सशस्त्र चळवळीसही नियमित उत्पन्न लागते. तेंदूपत्ता व बांबूचे कंत्राटदार, रस्त्यांची कामे व खाणी यांच्याकडून घेतली जाणारी खंडणी हा नक्षलवाद्यांच्या उत्पन्नाचा प्रमुख मार्ग होता. डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लोहखनिज वाहतुकीची अनेक वाहने जाळण्यात आली. ही वसुली करणारे तिला कर म्हणतात, तर शासन तिला खंडणी म्हणते. आंग्र्यांच्या दस्तकाबाबतही असाच वाद होता.

स्थानिक दले

अनोळखी प्रदेशात बाहेरचे सैन्य आंधळे ठरते, हा अनुभव १८५८ मध्ये क्रिक्टनला आला होता. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी सुरुवातीस ६० जवानांचे विशेष पथक उभारले. ते सी-६० या नावाने ओळखले जाते. यातील जवान बहुतांशी जिल्ह्यातीलच असून त्यांना गोंडी व माडिया बोली, पायवाटा व नाले यांची माहिती असते. हॉर्निगोल्डसारख्या माजी चाच्यास चाच्यांच्या मागावर पाठविण्याची पद्धत छत्तीसगडच्या जिल्हा राखीव दलात दिसते. तेथे शरण आलेल्या नक्षलवाद्यांचीही भरती झाली.

खाजगी सशस्त्र गटांना शासनाने अधिकार देणे हा या उपायाचा वादग्रस्त प्रकार आहे. युरोपीय राष्ट्रे खाजगी जहाजांना शत्रूची जहाजे लुटण्याची सनद देत. युद्ध संपल्यावर याच जहाजांतील खलाशी चाचेगिरीकडे वळत. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने ही पद्धत बंद केली. बस्तरमधील सलवा जुडूम मोहिमेसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी दिलेल्या निकालात, अपुरे शिक्षण व प्रशिक्षण असलेल्या आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून नक्षलविरोधी कारवाईत वापरणे घटनाबाह्य ठरविले.

अभय व पुनर्वसन

महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना सुरू केली. शरण येणाऱ्यास रोख साहाय्य, घर, रोजगार व प्रशिक्षण देण्याची तीत तरतूद आहे. त्याआधी २००३ मध्ये नक्षलवाद्यांस प्रवेश नाकारण्याचा ठराव करणाऱ्या गावांस विकासनिधी देणारी गावबंदी योजना आली. पोलीस दलाच्या ‘दादालोरा खिडकी’ उपक्रमातून जातीचे दाखले, शासकीय योजना व नोकरीविषयक मदत पोलीस ठाण्यातच उपलब्ध करून देण्यात आली.

अभयाचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असल्याचे इतिहासावरून दिसते : शरण न येण्याची किंमत मोठी असली पाहिजे आणि शरण आल्यावर दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे. क्रीटच्या चाच्यांनी पाँपीची निवड केली ती या दुसऱ्या कारणासाठी. शरणागत नक्षलवाद्यास जुन्या सहकाऱ्यांकडून सूड घेतला जाण्याचे भय असते. त्यामुळे त्याच्या संरक्षणाची व उपजीविकेची हमी हा योजनेचा गाभा ठरतो.

विशेष कायदे

सार्वत्रिक शत्रू ही कल्पना मान्य केली की, त्याच्यासाठी वेगळी न्यायव्यवस्था ही पुढची पायरी येते. गडचिरोलीत दहशतवादी व विघातक कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, म्हणजे ‘टाडा’ (१९८५–१९९५), आदिवासी आरोपींविरुद्ध वापरला गेला व त्यावर नागरी हक्क संघटनांनी टीका केली. त्यानंतर बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाखाली खटले चालले. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक गो. ना. साईबाबा यांना गडचिरोली सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये जन्मठेप दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी त्यांना व सहआरोपींना निर्दोष मुक्त केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साईबाबा यांचे निधन झाले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. शहरी भागातील नक्षल समर्थक संघटनांना आळा घालण्यासाठी ते आवश्यक असल्याचे शासनाने सांगितले, तर त्याच्या व्यापक व्याख्यांमुळे शांततामय विरोधही गुन्हा ठरू शकतो, असा आक्षेप विरोधकांनी घेतला.

सामान्य नागरिक

दोन्ही प्रकारच्या संघर्षांत सर्वाधिक झळ मधल्या माणसास बसते. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात भारतीय नौदलाच्या ‘तबर’ या युद्धनौकेने चाच्यांचे मुख्य जहाज समजून एक नौका बुडविली. ती चाच्यांनी पळविलेली थायलंडची मासेमारी नौका होती व तिच्यावर ओलीस खलाशी होते, असे नंतर उघड झाले. त्याच महिन्यात मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादीही ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेऊन किनाऱ्यालगत आले होते. त्या नौकेवरील मच्छीमार मारले गेले.

गडचिरोलीत पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी अनेक ग्रामस्थांच्या हत्या केल्या. दुसरीकडे, दलमास जेवण दिल्याच्या संशयावरून ग्रामस्थांना अटक व मारहाण झाल्याच्या तक्रारी होत राहिल्या. बोरिया-कसनासूर कारवाईनंतर गट्टेपल्ली गावातील काही कुटुंबांनी, आपली मुले लग्नासाठी गेली होती, असे सांगितले. पोलिसांनी ती नव्याने भरती झालेली असल्याचे म्हटले. बंदूकधारी रात्री दारात उभा राहिल्यास त्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य गावकऱ्यास नसते. त्यामुळे मदत आणि सक्ती यांतील भेद न्यायालयात सिद्ध करणे कठीण जाते.

भेद

ही तुलना मर्यादित अर्थानेच लागू पडते. चाच्याचा हेतू लाभाचा असतो. नक्षलवादी चळवळ राज्यसत्ता उलथविण्याचा राजकीय हेतू जाहीरपणे मांडते. चाचेगिरी खुल्या समुद्रात, कोणत्याही एका राष्ट्राच्या हद्दीबाहेर घडते. गडचिरोली हा मात्र भारताच्या सार्वभौम हद्दीतील जिल्हा आहे व तेथील प्रत्येक रहिवासी राज्यघटनेने संरक्षित नागरिक आहे. समुद्रावर वस्ती नसते, जंगलात असते. म्हणून समुद्र ‘मोकळा करणे’ या शब्दप्रयोगास जो अर्थ आहे, तो वनप्रदेशास लावता येत नाही. सुरक्षा-अभ्यासक दहशतवाद व बंडखोरी यांतही फरक करतात. लोकांत आधार असलेल्या सशस्त्र चळवळीस बंडखोरी म्हणावे व तिच्यावर राजकीय उपायही योजावेत, असे अनेकांचे मत आहे.

मूल्यमापन

चाचेगिरीच्या इतिहासात निर्णायक ठरलेली बाब म्हणजे किनाऱ्यावरील जीवन समुद्रावरील लुटीपेक्षा अधिक सुरक्षित व किफायतशीर होणे. गडचिरोलीच्या संदर्भात या मुद्द्याचा संबंध वनहक्कांशी येतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायदा, २००६ खाली २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेस बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्ता व बांबूची विक्री स्वतः सुरू केली. १९८० मध्ये दलमांनी मजुरीच्या ज्या प्रश्नावर गावात पाय रोवला, तो प्रश्न येथे कायद्याच्या मार्गाने हाताळला गेला. त्याच वेळी लोहखनिज उत्खननास काही ग्रामसभांचा विरोध कायम आहे. त्यामुळे जंगलावरील अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न सशस्त्र चळवळ क्षीण झाल्यावरही शिल्लक राहतो.

आंग्रे व शेडमाके यांची उदाहरणे आणखी एक मुद्दा स्पष्ट करतात. तत्कालीन सत्तेने दिलेले नाव पुढील पिढ्या मान्य करतीलच असे नाही. त्यावरून प्रत्येक सशस्त्र विरोधक पुढे हुतात्मा ठरतो असे मात्र म्हणता येत नाही. पेंढाऱ्यांना किंवा बहामातील चाच्यांना तो मान मिळाला नाही. विरोधकास कायद्याबाहेर टाकणाऱ्या मोहिमांनी लढाया जिंकल्या. पाँपीच्या सोलीतील वसाहतीपासून करीम खानास मिळालेल्या जमिनीपर्यंतचा अनुभव असा की, शरण आलेल्यास जमीन, कायद्याचे संरक्षण व दिलेल्या शब्दाची हमी मिळाली, तेथे शस्त्र पुन्हा उचलले जाण्याचे कारणच उरले नाही. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांच्या बाबतीतही हीच कसोटी लागू होते.